टेक्विनची पाटी

"मग त्या एका पाटीला तुम्ही हात का लावला नाहीत?" हेझलबाईंनी विचारलं.

वेल्समधल्या काडेर इद्रिस डोंगराच्या पायथ्याशी, गाड्या लावायच्या जागेवर, माझा एक बूट घालून झाला होता आणि दुसरा हातात होता. अशा वेळी माणसाला पळताही येत नाही.

बाईंची माझी ओळख पत्रापुरती. वसंतात मी त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाची पितळी पाटी शिखराजवळच्या खडकावरून छिन्नीने सोडवून टपालाने परत पाठवली होती. डोंगराचा रखवालदार म्हणून तेवीस वर्षं मी हेच करतो. केळीची सालं उचलतो, वाट चुकलेल्यांना खाली आणतो आणि मेलेल्यांची नावं खडकावरून काढतो. पाटीबरोबर पत्रही धाडतो. ते पत्र आता बाईंच्या हातात होतं.

"'डोंगर सगळ्यांचा आहे, म्हणून त्याच्यावर कोणाचंच नाव नको,'" त्यांनी वाचलं. "मला पटलं होतं हे, मिस्टर पॅरी. काल वर गेले, तर तळ्याच्या वरच्या अंगाला कुणा टेक्विनची पाटी. वर्ष उलटून गेलंय म्हणतात तिला. मी भांडायला नाही आले. फक्त का, तेवढं सांगा."

"नजरेतून सुटली असेल."

"ताटाएवढी आहे हो!"

टेक्विन माझ्या बहिणीचा, नेस्ताचा नवरा. त्याआधी माझा दोस्त. शाळेत एका बाकावर, पाटीच्या दगडाच्या खाणीत एका पाळीला. तो गेला आणि महिन्याभरात ती पाटी लागली. कोणी लावली हे गावात कुणी विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती. मला कळलं तेव्हा मी एक शहाणपणा केला. काडेरचा फेरा गोल आहे. सगळं जग ओढ्याकडून चढतं, तळ्यावरून शिखर गाठतं आणि पलीकडच्या सोंडेने उतरतं. मी उलटा फिरायला लागलो. उलट्या बाजूने आलं की त्या खडकाची नुसती पाठ दिसते. पुढे गेल्यावर मान वळवायची नाही, एवढंच पथ्य. कचेरीत सांगितलं, समोरून येणारे लोक भेटतात, कामाला बरं पडतं. साहेबांनी शाबासकीसुद्धा दिली. चौदा महिने मी ते पथ्य पाळलं.

"चला," मी दुसरा बूट चढवला. "दाखवा."

ओकच्या रानातल्या पायऱ्या चढताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दोनदा नाडी बांधली. चपला घालून आलेल्या एका पोराला नको तेवढं झापलं. नसलेला कचरा शोधला.

"तुम्ही मुद्दाम रेंगाळताय," बाई म्हणाल्या.

"गुडघा आहे."

"मघाशी डावा धरला होतात, आता उजवा."

तळं आलं. वारा बोचरा होता. बाईंनी फ्लास्कमधला चहा पुढे केला, पण मी उभाच राहिलो.

"तो माझा मेहुणा," मी एकदाचं सांगून टाकलं.

"वाटलंच मला. तळं दिसल्यापासून मान वर केली नाहीत." त्यांनी झाकण लावलं. "मग राहू द्या ती पाटी. मला उत्तर मिळालं."

खरं तर सुटलो होतो. पण त्यांनी इतक्या सरळपणे म्हटलं की मला माझीच लाज वाटली.

"नाही बाई. मग तुमची का काढली?"

खडकापाशी पोचलो आणि पाटी पहिल्यांदा पाहिली. काळ्या दगडाची, कडा हाताने घासलेल्या. टेक्विनचं नाव आणि खाली वेल्शमध्ये एकच ओळ.

"ते काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"बस की रे जरा."

बसायला वेळ कुठे होता! मी छिन्नी काढली. पाटी पडून फुटू नये म्हणून बाई खाली दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. निघाली तेव्हा तिचं वजन त्यांनीच झेललं. खाली उतरून बाईंना गाडीपाशी सोडलं आणि पाटी घेऊन मी तडक गावात गेलो.

नेस्ताच्या दारात मी पाटी छातीशी धरून उभा राहिलो. ही आता दार लावून घेणार, असं मनात धरूनच गेलो होतो.

"आण इकडे," ती म्हणाली. टेबलावर ठेवून तिने हातातल्या फडक्याने ती पुसली. "आज ना उद्या तू काढणार, ठाऊक होतं मला. नियमाचा बैल तू. तरी चौदा महिने राहू दिलीस."

"रागावली नाहीस?"

"कशाला? तुझ्यासाठीच होती ती. तो गेल्यापासून तुझ्या पायाला नुसती भिंगरी. इथे आलास तर चहासुद्धा उभ्याने. म्हटलं, माझं ऐकत नाहीस, रोज वाटेत त्याचं तरी ऐकशील." तिने माझ्याकडे पाहिलं. "बसायचास ना तिथे?"

मी पाटीवरच्या ओळीकडे पाहिलं.

"बसायचो."

"रोज?"

"रोज."

"काय बोलायचात रे दोघं?"

"पावसाचं. दुसरं काय."

"मेल्याला दुसरा विषयच नव्हता!" नेस्ता हसली. टेक्विनला पोचवून आल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. तिने खुर्ची ओढली, समोर मनुकांचा पाव कापून ठेवला आणि माझ्यासाठीही एक खुर्ची सरकवली.

"आणि? अजून काय काय बोलायचास?"

मी बसलो आणि चौदा महिन्यांचं बोलणं पहिल्यापासून रचायला लागलो.