मांजरीनं निवडलेलं कॅरेट

मी टोमॅटोचं कॅरेट बोलतोय. नाक मुरडू नका. भोकाभोकांचं लाल प्लॅस्टिक, त्याचं कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. देवळीच्या बाजारात माझ्यासारखी पुष्कळ कॅरेटं पडलेली असतात. त्यांतल्या एकाच्या तरी पोटात रानमांजरीची पिल्लं निजली आहेत का, विचारून या. मग बोला.

मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या बादल्या वितळवून मला घडवलं, म्हणजे घराणं काही मोठं नाही. कारखान्यातून मी दौलतराव आणि धुरपताबाई या जोडप्याच्या मळ्यात आलो. वांगी, टोमॅटो, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, जे निघेल ते वाहिलं. धुरपताबाईंची शिस्त कडक. बाजारातून परतलेलं कॅरेट घासून, धुऊन, उन्हात वाळवल्याशिवाय त्या पुन्हा भरू द्यायच्या नाहीत. त्यामुळे आम्ही चारचौघांत उठून दिसायचो. मला त्याची घमेंडही होती.

यंदा फाल्गुनात मी बांधावर, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या ढिगाला टेकून आडवा पडलो होतो. आत एक जुना बारदाना होता. एका सांजेला रानमांजर आली. तिनं मला हुंगलं, आत डोकावून पाहिलं आणि तोंडात धरून एकेक करत तीन पिल्लं माझ्यात आणून ठेवली. अख्खं शिवार मोकळं असताना तिला मीच पसंत पडलो!

दुसऱ्या दिवशी भाजीचा तोडा होता. मांजर शिकारीला गेलेली. दौलतरावांनी पहाटेच्या घाईत, जास्तीचं कॅरेट म्हणून, आत न बघताच मला बारदान्यासकट उचललं आणि गाडीत टाकलं. मी काय करणार? देवानं भोकं दिली, तोंड दिलं नाही.

बाजारात बारदाना उचलला तर आत तीन मातकट गोळे. झालं, "बिबट! बिबट!" म्हणत माणसं गोळा झाली, मोबाइल निघाले. प्रफुल नावाचा आडत्या तर हात पुढे करून म्हणाला, "दौलतरावभाऊ, एक मले द्या. दुकानात उंदरं लय झाले."

"नाई देत. ज्याचं त्याले परत," दौलतराव म्हणाले. त्यांनी माझ्यावर बारदाना ओढला आणि वनविभागाला फोन लावला. पिल्लांना झाकून ठेवा, हाताळू नका, जिथून उचलली तिथंच घेऊन या, असं तिकडून सांगितलं. भाजी शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून ते माघारी फिरले. त्या दिवशी मला मालकाचा फार अभिमान वाटला.

घरी मात्र घोळ झाला. दौलतराव वनरक्षक बाईंना आणायला फाट्यावर गेले आणि इकडे धुरपताबाईंनी पिल्लं सुपात काढून मला ब्रशनं खसाखसा घासलं. बारदानाही धुतला. लेकरांना का घाणीत ठेवायचं, हा त्यांचा हिशोब. वर शेळीचं दूध कोमट करून कापसाची वात भिजवायला घेतली.

तेवढ्यात वर्षाली आली, वनरक्षक, त्याच तालुक्यातली पोर. "काकू, दूध नोका पाजू! त्याहीच्या पोटाले सोसत नाई. नाकात गेलं तर जीव जाते."

वात गळून पडली. "मीनं तर कॅरेटबी धुतलं वो पोरी. माया हातचा वास लागला असन. आता माय घेईन का त्याहीले?"

"घेते काकू. माणसाचा वास लागला म्हणून माय लेकरू टाकत नाई. पण माणूस जवळ उभा राह्यला, तं येत नाई. आपण दूर बसू."

वर्षालीनं पिल्लं तपासली. कुठं जखम नव्हती, अंग गरम होतं. ऊन कलल्यावर पिल्लं पुन्हा माझ्यात ठेवून मला त्याच ढिगापाशी, तसंच आडवं ठेवलं आणि ती, दौलतराव, धुरपताबाई अशी तिघंही विहिरीवरच्या मोटारच्या खोलीत जाऊन बसली. धुरपताबाईंचे डोळे खिडकीला चिकटलेले.

दिवेलागणीला मांजर आली. मला हुंगलं. साबणाचा वास! ती मागं सरली आणि निघून गेली. इतका चकचकीत असल्याची मला जन्मात पहिल्यांदा लाज वाटली. खोलीत धुरपताबाईंनी पदर तोंडात कोंबला.

मग धाकटं पिल्लू केकाटलं. पऱ्हाटी खसखसली आणि ती थेट आत शिरली! मानेला धरून एकाला घेऊन गेली, परत आली, दुसऱ्याला नेलं. धाकटं एकटंच राहिलं, माझ्या कोपऱ्यात अंग चोरून थरथरत. ती आली, त्याला चाटलं, उचललं आणि तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, फणकटांच्या आड दिसेनाशी झाली.

"नेलं वो! तिन्हीच्या तिन्ही नेले!" धुरपताबाई हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मी तिथंच रिकामा पडून होतो, आणि एवढा भरल्यासारखा कधीच नव्हतो.

आता माझी एक बाजू चिरली आहे, भाजी पेलत नाही. तरी कोणी मळ्यात आलं की दौलतराव मलाच दाखवतात. तेव्हा वडीलकीच्या नात्यानं सांगतो. जनावर जखमी दिसलं तर वनविभागाला कळवा, घरगुती औषधपाणी करू नका. आणि पिल्लू एकटं दिसलं, तर लगेच पोरकं समजून उचलू नका. दूर उभे राहा, थोडी कळ काढा. त्याची आई बहुधा कामाला गेलेली असते.