बहिणीचे पाय

आबांनी बूट काढले, गुडघ्यावर हात देत ते खोलीच्या मधोमध आखलेल्या मातीच्या चौकोनात उतरले आणि बायकांच्या गुलाबी सपाता पायांत कोंबल्या. टाचा निम्म्या बाहेरच राहिल्या. पांढऱ्या मिशा, सुटलेलं पोट आणि खाली हा थाट! पण या खोलीत त्यांना कुणी हसत नसे. समोरच्या पडद्यावर कार्टूनमधली धाकटी बहीण बागेतून पळत होती आणि तिच्या पावलागणिक आबा चवड्यांवर हलकेच पाय टाकत होते. हातात एवढीशी घंटी. टिप टिप, किणकिण.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट बाईंनी अंगठा उंचावून ‘छान’ अशी खूण केली.

चित्रांना स्वतःचा आवाज नसतो. तो अशा खोलीत चढवावा लागतो आणि आबांचा सगळा जन्म त्यातच गेला होता. या मालिकेतल्या दादाला त्यांनी जाडजूड बूट दिले होते. तो चालला की जमीन दणाणायची. बहिणीला दिली होती घंटी. तसं करा म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं. पहिल्याच भागाला हात आपसूक घंटीकडे गेला होता. मुलगी म्हटल्यावर आणखी काय असणार? पुढे त्यावर विचार करायची वेळच आली नाही.

ती वेळ आली गेल्या आठवड्यात.

कोपऱ्यातल्या स्टुलावर आज त्यांची नात बसली होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ही पोरगी एका जागी बसेल तर शपथ. तिच्या धावण्याला कंटाळून खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन यायचे. अलीकडे मात्र भिंगरी चवड्यांवर चालू लागली होती. जिना उतरताना तोंडाने हळूच ‘किणकिण’ म्हणायची. घरात सगळ्यांना त्याचं भारी कौतुक, आबांना तर काकणभर जास्तच. मग शाळेतून निरोप आला. शर्यतीत ही सगळ्यांच्या पुढे होती आणि मध्येच थांबून चालू लागली.

“का गं थांबलीस?” आबांनी विचारलं होतं.

“माझे पाय वाजत होते. धपधप.” तिने मान खाली घातली. “मुलींचे नाही वाजत तसे.”

“कोण म्हणालं?”

“कुणी नाही. कार्टूनमध्ये ऐकू येतं की.”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर त्याचा कान तरी पिळता आला असता. आज ते तिला मुद्दाम सोबत घेऊन आले होते, पण तिला सांगायचं काय, ते अजून सुचत नव्हतं.

भिंगरी डोळे विस्फारून त्यांच्या सपातांकडे बघत होती.

“आबा, ती तू आहेस?”

“हो गं.”

“आणि दादा?”

“तोही मीच.” त्यांनी भिंतीशी ठेवलेले बूट दाखवले.

भिंगरी बराच वेळ बुटांकडे बघत राहिली. मग पडद्याकडे. मग पुन्हा आबांच्या पायांकडे.

“मग तिचे खरे पाय कसे वाजतात?”

इतकी वर्षं तिची पावलं वाजवून हा प्रश्न आबांना कधी पडला नव्हता.

“मला नाही माहीत,” ते म्हणाले. “तूच सांग.”

पुढच्या दृश्यात बहीण भिंतीवरून उडी मारणार होती. आबा चौकोनातून बाहेर आले आणि एक लाकडी खोकं त्यांनी मातीच्या कडेला सरकवलं. बाईंच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. भिंगरी खोक्यावर चढली. पडद्यावर बहीण भिंतीच्या टोकाशी आली. भिंगरीने एकदा आबांकडे पाहिलं आणि उडी घेतली.

धप्प!

बाईंनी कानांवरचे हेडफोन ओढून काढले.

“आबा, हे काय होतं?”

“लावून तर बघा.”

बाईंनी दृश्य मागे नेऊन आवाजासकट लावलं. चित्र तेच होतं, एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती. पण इतकी वर्षं पिसासारखी तरंगत उतरणारी ती बहीण आज खरोखर खाली आली. तिच्या पायांखाली जमीन होती. तिला गुडघे होते, वजन होतं. बाईंचं बोट बटणावर तसंच राहून गेलं.

“आबा,” भिंगरी कुजबुजली, “तिला लागलं का?”

आजवर त्या बहिणीने कितीतरी उड्या मारल्या होत्या. हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

“बघ की,” आबा म्हणाले. “उठली ती.”

पडद्यावर बहीण पुन्हा पळू लागली होती, अजून नुसतीच, बिनआवाजाची. आबांनी घंटी खिशात टाकली. भिंगरीने मोजे ओढून फेकले आणि ती मातीत पाय रोवून उभी राहिली.

“बाई,” आबा म्हणाले, “जरा मागे घ्या. तिचं पळणं राहिलंय.”