फिलोमेनाचं अर्धं राहिलेलं जेवण

टोमॅटोचा सॉस करायचा दिवस म्हणजे नुन्झियाच्या अंगणात सगळं घर हजर. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलचं फेब्रुवारीतलं ऊन चटके देत होतं, आणि मुलगा कोर्रादो मोठ्या पातेल्यात पळी फिरवत गेल्या वर्षीच्या जहाजाच्या सहलीचं कौतुक सांगत होता. भूमध्य समुद्र, रोज नवं बंदर. आता आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला पुन्हा तशीच सहल, या वेळी ग्रीसची बेटं. जहाजावरच्या खोल्यासुद्धा त्यानं धरून ठेवल्या होत्या. सून शेरिल म्हणाली, त्या सहलीनं आपल्याला केवढं शिकवलं. सामान कमी न्यायचं, बूट मऊ घालायचे, किनाऱ्यावरून वेळेत परतायचं.

वेळेत परतायचं, हे ऐकून बाटल्या भरणारा नुन्झियाचा हात थांबला.

ते जहाज तिला कधीच पटलं नव्हतं. रोम तिनं लोकांच्या टोप्यांमधून पाहिलं, आणि नेपल्सचं नुसतं स्वच्छतागृह. तरी तिनं हूं की चूं केलं नाही, कारण पुढं इटलीचंच बारी बंदर येणार होतं, आणि बारीपासून तिचं माहेर मोल्फेत्ता हाकेच्या अंतरावर. तिथं थोरली बहीण फिलोमेना. आईच्या मयतानंतर दोघींची गाठ पडली नव्हती.

त्या दिवशी फिलोमेनानं पहाटेपासून रांधलं होतं. हातानं वळलेला पास्ता खाऊन झाला आणि कोर्रादो घड्याळ बघत उठला. जहाज कुणासाठी थांबत नाही, म्हणाला. खोटं नव्हतं ते. शिंपल्या घातलेला भात भट्टीतच, मासे कढईतच राहिले. फिलोमेनानं भांड्यांवर झाकणं ठेवली आणि निरोपाला दारापर्यंतही आली नाही. पास्ता म्हणजे जेवणाची नुसती सुरुवात; त्यांच्या गावात पहिल्याच पदार्थावर उठतो तो विजेचा मीटर बघायला आलेला माणूस, घरचा नव्हे. तेव्हापासून फोन नेहमी भाची मार्ताच उचलायची आणि सांगायची, आई झोपलीय. दिवसा झोपणाऱ्यांना आजन्म नावं ठेवणारी ती बाई!

"मी येणार नाही," नुन्झिया म्हणाली.

"अगं आई, खोल्या धरल्यात."

"झोपेल की दुसरं कुणी. मी मोल्फेत्ताला चाललेय. विमानानं. एकटी."

कोर्रादो हसला. "या वयात एकटीला कोण सोडणार तुला?"

"अठराव्या वर्षी सोडलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. महिनाभर बोटीत ओकत आले इथं. लग्नाआधी तुझ्या बापाचा नुसता फोटो पाहिला होता, तोही त्याच्या डोक्यावर केस होते तेव्हाचा."

शेरिल खुदकन हसली आणि नवऱ्याकडे बघून बाटल्यांना बुचं लावू लागली. कोर्रादोनं तिच्या गुडघ्यांचा विषय काढला, डॉक्टरांचा काढला, शेवटी म्हणाला, पुढच्या वर्षी सगळेच जाऊ.

"फिलोमेना माझ्याहून मोठी आहे. पुढच्या वर्षापर्यंत दोघी टिकू, अशी हमी देतो का तुझा कप्तान?"

 नुन्झियानं हात पुसले, तिथंच बाकावर बसून फोन लावला. तिकडं सकाळ होती. मार्तानं नेहमीचं सुरू केलं.

"झोपलेल्या बाईला सांग, मी जेवायला येतेय."

पलीकडे भांडी वाजायची थांबली. कुजबुज झाली. मग मार्ता चाचरत म्हणाली, "मावशी, आई विचारतेय, या खेपेला जहाज कुठं उभं करणार?"

"जहाज नाही म्हणावं. विमान मला टाकून परत जाईल. ती हाकलेपर्यंत मी हलत नाही."

 सगळे नुन्झियाकडे बघत राहिले आणि पातेलं खाली लागायला लागलं. मग घोगरा, ओळखीचा आवाज आला. "शिळं वाढायची सवय नाही मला. काय खाणार ते बोल."

नुन्झियानं कोर्रादोला खूण केली, पळी बायकोकडे दे आणि तिकीट बघ. परतीचं कधीचं, त्यानं बोटांनीच विचारलं. तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली.

"भातापासून सुरू कर," ती बहिणीला म्हणाली. "पास्ता झालाय माझा."