सवाईची किल्ली

रिझर्व्ह बँकेनं व्याजदर आहे तसाच ठेवला, असं बातम्यांत सांगितलं आणि रेणुकाचा भाकरी थापणारा हात थांबला. पालमजवळच्या एका लहान गावची ती नवी सरपंच.

"अहो, त्या गव्हर्नरला मत कुणी दिलं व्हतं?" तिनं नवऱ्याला विचारलं. तो जेवत होता, आणि जेवणाऱ्या माणसाला असले प्रश्न रुचत नाहीत.

पण रेणुकाचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. गावात बायकांची धान्य बँक होती. चार पायली ज्वारी न्यायची, सुगीला पाच परत आणायची. ती वरची पायली म्हणजे सवाई. निवडणुकीत रेणुकानं सवाई माफ करण्याचा शब्द दिला होता. पण सवाई ठरवायची कोठाराची किल्ली सांभाळणाऱ्या किल्लीवालीनं, ही जुनी रीत. एक किल्लीवाली थकली की तिनंच दुसरी नेमायची. आणि किल्ली घरात असेतोवर त्या घरानं कोठारातला दाणाही घ्यायचा नाही. सध्या किल्ली शिवकन्याकाकूंकडं होती, आणि काकू नाही म्हणत होत्या.

शेवटी रेणुकानं महादेवाच्या देवळापुढं बायकांची सभा बोलावली.

"काकू, मला गावानं निवडलं. तुमाला कुणी निवडलं?"

"कुणीच न्हाई," काकूंनी कनवटीची किल्ली सोडली. "घे. आजपास्नं तू ठरव."

रेणुकानं हात पुढं केलासुद्धा. तेवढ्यात गीताबाई मागून ओरडली, "रेणुका, मग मागची थकलेली सवाई बी सोड आमची!"

"अन् आमाला लेकीच्या लग्नाला दोन पायल्या जास्त दे!" दुसरी म्हणाली. मग एकच गलका झाला. सगळ्या तिच्याच मतदार, सगळ्या तिच्याच हक्काच्या. यांतल्या एकीलाही आपल्याला नाही म्हणता येणार नाही, हे रेणुकाला कळलं. पाऊस दगा देईल त्या साली कोठारात काय उरेल?

तिनं हात मागं घेतला. "काकू, मला परत यांच्याच दारात मतं मागाया जायचंय. माझ्यानं न्हाई म्हणवायचं न्हाई. किल्ली तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

दिलेला शब्द मोडला, याची तिला लाज वाटली. पण कुणी न निवडलेल्या बाईनं का ठरवायचं, हा प्रश्न काही सुटेना.

"पर सवाई का घेता, ते हितं सगळ्यांपुढं सांगा. दर सुगीला सांगायचं."

काकू गोंधळल्या. किल्ली मुठीत धरून पायरीवर बसल्या.

"सांगते की," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्सांत कुणी इचारलंच न्हाई."