वाटेवरचं लोखंड

काचेला तडा गेलेला, जरा काम पडलं की तापणारा मोबाईल म्हणजे मी. मित्रांनो, हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या माळावर मी शेळ्यांमागे हिंडलो आणि तिथूनच अंतराळातही गेलो.

मला कुठल्या कारखान्यात कुणी जोडलं, ते आठवत नाही. हिंगोलीच्या दुकानात सीमाने मला हातात घेतलं, तिथून पुढचं आठवतं. नवा फोन आल्यावर तिने मला वडिलांना, मसाजींना दिलं. माझ्यात तिचा एक खेळ राहून गेला होता. ग्रहांवर उतरायचं, लोखंड, बर्फ, निळे स्फटिक गोळा करायचे आणि त्यांतून यानाचं इंजिन मोठं करायचं. गोळा करण्याला कंटाळून सीमाने तो सोडला होता. दुपारी शेळ्या कडुलिंबाखाली बसल्या की मसाजी तो खेळू लागले.

सुट्टीत आलेली सीमा कधी मला घेऊन बसे आणि एकाच खड्ड्यात खणत राही. मसाजी हसत.

"काहून एका जागी तोंड खुपसून बसलीस? शेळी बी इतकी हावरी न्हाई."

"बापू, लोखंड लागतंय ना!"

"बाभळीच्या शेंगांसाठी मी येगळी खेप करतो का? शेळ्या चारून येता येता पिशवी भरती. तू हिंडायला निघ. वाटंत दिसंल ते उचल."

ते तसंच करत. नवा डोंगर बघायला निघत आणि परतताना यान भरलेलं असे. एकही खाण ते तळापर्यंत उकरत नसत. दूर कडी असलेला एक ग्रह दिसायचा. "त्या कडीवाल्याकडं एकदा जाऊन येऊ," ते म्हणायचे. इंजिन तेवढं मोठं होण्याआधीच मसाजी गेले.

मी लोखंडी पेटीवर धूळ खात पडलो. तेरावं झाल्यावर सीमाने मला पुसलं आणि दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "ह्याची बॅटरी आता येत न्हाई, ताई. कवाबी बंद पडंल." खेळ माझ्याच पोटात साठवलेला होता, दुसऱ्या फोनवर जाईना. मी बंद पडलो की मसाजींचं यानही जाणार होतं.

मग सीमाला चैन पडेना. ती एका चंद्रावर उतरली आणि खणतच राहिली. मी तापलो, अडकलो. तिने मला फुंकर घातली आणि पुन्हा खणायला घेतलं. चहा निवून गेला. तिची आई सिंधूबाई तूर निवडता निवडता बघत होत्या.

"खेळून राहिलीस का रोजानं खुरपून राहिलीस?"

"माय, हा बंद पडायच्या आत तिथं पोचायचंय."

"त्ये तर खेळता खेळता मला सांगत बसायचे. आज दोन सूर्य उगवले, आज काळं पानी दिसलं. तू काहीच सांगंना."

सीमाचा अंगठा थांबला. जरा वेळाने यान उडालं.

"माय, इथली वाळू जांभळी आहे."

"मंग? पुढं?"

पुढे दरी होती, दरीत बर्फ होता. बर्फापलीकडे काय आहे ते बघायला गेली, तर स्फटिक सापडले. सांगण्याच्या नादात इंजिनाला लागणारं साहित्य जमलं, ते तिला इंजिनाचा दिवा लागल्यावर कळलं.

कडीवाला ग्रह आता समोर होता. माझी पाठ भाजत होती, बॅटरीची खूण लाल झाली होती. सरळ गेली तर पोचेल, असं मला वाटत होतं. तेवढ्यात सिंधूबाईंनी काचेवर बोट ठेवलं.

"बाजूला ते काय चमकून राहिलं?"

"बारका चंद्र आहे. तिथं काही मिळायचं नाही."

"न मिळू दे. बघू तर."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना उन्हात टाकू नका, अडगळीत ढकलू नका. तुमच्या माणसाचं काही त्यांच्यात अर्धं राहिलेलं असतं. ते पुरं करताना घाई करू नये म्हणतात. मला मात्र त्या वेळी धीर धरवत नव्हता. मला आवाज असता तर मी ओरडलो असतो.

सीमाने यान चंद्राकडे वळवलं.

"दम धर, पोरी," सिंधूबाई उठल्या, "चष्मा घिऊन येते."

आणि सीमा थांबली.