हिरवं वर्तुळ

दुकान दहाला उघडायचं, पण नऊपासूनच लोक पायरीवर येऊन बसत. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर एक वर्तुळ. कुणाचं लाल, कुणाचं पिवळट, कुणाचं निम्मं हिरवं. जो तो आपलं वर्तुळ शेजाऱ्याला दाखवत होता.

"माझं काल चाळीस होतं, आज बेचाळीस."

"माझा तर गुडघा दुखायचाच थांबला. आणि नावानं हाक मारतं हो ते मला. आज मी काही लिहिलंसुद्धा नव्हतं."

दुकान माझ्या थोरल्या भावाचं. कंबरेचे पट्टे, कुबड्या, चालायच्या काठ्या, मालिशचं तेल असा माल. दुकानाची वेबसाइट पूर्वीपासून होती. तीत पत्ता, वेळ आणि पट्ट्यांचे चार फोटो होते, आणि तिकडे कुणी फिरकत नव्हतं. मग दादाला एक गृहस्थ भेटले. साइट 'जिवंत' करून देतो म्हणाले. पांढरा सदरा, मनगटात तांब्याचं कडं आणि बोलणं असं की समोरचा पापणी लवायला विसरेल. मी त्यांना मनातल्या मनात तंत्रगुरू म्हणायचे.

त्यांनी साइटवर हे वर्तुळ बसवलं. पहिल्यांदा नाव आणि तक्रार लिहायची, काचेवर अंगठा टेकवायचा, सात सेकंद थांबायचं. वर्तुळ फिरे, बारीक घंटी वाजे आणि अक्षरं उमटत. कोपऱ्यात आकडा पळत असे: आजवर गुण आलेले लोक, चाळीस हजार तीनशे बारा. बघता बघता तेरा, चौदा. वर्तुळ घरीही फिरत असे, पण उमटलेल्या वाक्याचा अर्थ तंत्रगुरूंकडून ऐकायला लोक दुकानात येत.

"शरीर बोलत असतं," तंत्रगुरू काउंटरला टेकून सांगत. "आपण ऐकत नाही. काच ऐकते. अंगठ्यातून तरंग जातो, तरंगातून पेशीचा निरोप येतो. माणूस खोटं बोलेल, अंगठा बोलणार नाही."

"आणि ज्याच्या अंगठ्याला घट्टे पडलेत त्याचं काय?" मी एकदा विचारलं.

"त्याचा तरंग अधिक खोल," ते शांतपणे म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. साखर काढायची तर थेंबभर का होईना, रक्त लागतं, हे मला रोजच दिसतं. दादाला तसं म्हटलं, तर तो चिडला.

"तुझ्या लॅबमध्ये लोक घाबरत येतात. इथे हसत येतात. त्यांना बरं वाटतंय, त्यात तुझं काय जातंय?"

 मी तो विषय तिथेच सोडला, ती माझी चूक.

शिंपीकाका त्या गर्दीत रोज असत. आमचे लहानपणीचे सगळे कपडे त्यांनीच शिवलेले. साखरेचा जुना आजार, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. तक्रारीच्या रकान्यात त्यांनी 'साखर' लिहिलं होतं. वर्तुळ रोज थोडं हिरवं होत गेलं.

पाच आठवड्यांनी काकू त्यांना रिक्षातून लॅबमध्ये घेऊन आल्या. काकांची जीभ कोरडी पडली होती, डोळे मिटत होते. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. फडकं सोडलं आणि वासानेच मला कळलं. साखर आली चारशे शहाऐंशी.

"इंजेक्शन घेताय ना, काका?"

"बंद केलं," काकू म्हणाल्या. "साठच्या वर हिरवं झालं तेव्हाच. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. हे म्हणाले, यंत्राला दिसतंय ते डॉक्टरला कुठे दिसतं."

इस्पितळात त्यांना भरती केल्यावर काकांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "बघ तूच. ऐंशी टक्के हिरवं आहे. तुझ्या मशीनचंच काहीतरी चुकलंय."

मी साइट उघडली आणि स्वतःचा अंगठा टेकवला. सात सेकंद. घंटी. 'नमस्कार शिंपीकाका. साखर शांत होत आहे. ब्याऐंशी टक्के.'

पुन्हा टेकवला. चौऱ्याऐंशी.

 पलंगावर माणूस तापाने फणफणला होता आणि माझ्या अंगठ्याने त्याचा आजार बरा होत होता.

दुसऱ्या दिवशी दहाला मी दुकानात गेले. वाटेत भाजीवाल्या मावशींकडून एक बटाटा घेतला आणि अर्धा कापून मागितला. गर्दी नेहमीसारखीच होती. माझ्या मोबाइलवर मी नवीन नाव लिहिलं, बटाटेराव. तक्रार, साखर. कापलेली ओली बाजू काचेवर टेकवली. वर्तुळ फिरलं, घंटी वाजली. 'नमस्कार बटाटेराव. तुमच्या मनावर जुनं ओझं आहे. बारा टक्के.'

दोघंतिघं हसले. मी टेकवत राहिले. चौदा. सोळा. अठरा. हसणं हळूहळू थांबलं.

"ही थट्टा आहे," तंत्रगुरू म्हणाले. "बटाट्याला कुठली श्रद्धा?"

"श्रद्धा नसताना त्याची साखर कमी होतेय, सर. काकांचीही माझ्या अंगठ्याने झाली. ते आत्ता इस्पितळात आहेत. त्यांचा पाय सडलाय."

दादा काउंटरमागून बाहेर आला. त्याने माझ्याकडून काकांचा मोबाइल घेतला, स्वतःचा अंगठा टेकवला. शहाऐंशी. तो तंत्रगुरूंकडे वळला. "हे मोजतं काय?"

"असं बघा..."

"मोजतं काय, तेवढंच सांगा."

तंत्रगुरूंचा तरंग आटला. "भेटी मोजतं," ते हळू आवाजात म्हणाले. "प्रत्येक भेटीला दोन टक्के. गिऱ्हाईक परत यावं म्हणून. नाव मोबाइलमध्येच साठवलेलं असतं, वाक्यं अकरा आहेत, त्यातलं कुठलंही एक येतं. कोपऱ्यातला तो आकडाही आपोआप पळतो. सगळेच असं करतात हो. कुणी इंजेक्शन बंद करेल असं मला काय माहीत?"

 एक आजोबा उठले आणि काठी टेकत निघून गेले. एक बाई मात्र म्हणाल्या, "माझा गुडघा खरंच बरा झालाय."  दुखणं कधी आपलं आपणच ओसरतं, आणि श्रेय जवळ जे असेल त्याला मिळतं. हे मी सांगितलं. त्यांना पटलं नसावं.

काका वाचले. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दादा रोज त्यांना भेटायला जायचा आणि पायथ्याशी बसायचा. माफी मागायला त्याला आठ दिवस लागले. काका म्हणाले, "अंगठा मीच टेकवला होता रे." त्या बोलण्याने दादाला हलकं वाटलं नाही, उलट जड वाटलं.

वर्तुळ दादाने बटाट्याच्या दिवशीच काढलं होतं. आता साइटवर प्रश्न लिहायची चौकट आहे. आलेला प्रश्न दादा स्वतः वाचतो, पट्ट्याचं माप सांगतो आणि दुखण्याबद्दल विचारलं तर लिहितो, 'हे मला कळत नाही, डॉक्टरांना दाखवा.' गर्दी पांगली. ऐकते की तिच्यातले काहीजण दुसरं वर्तुळ शोधत आहेत. तंत्रगुरूही कुठेतरी कुणाची तरी साइट जिवंत करत असतील.

तुमच्याही मोबाइलवर उद्या काहीतरी फिरेल, घंटी वाजवेल, तुम्हाला नावाने हाक मारेल. हाक मारण्यात काही वाईट नाही. पण ते तुमच्या शरीराबद्दल बोलू लागलं, तर दादाने विचारलेलाच प्रश्न विचारा: हे मोजतं काय? आणि उत्तर काहीही मिळो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी, एकही इंजेक्शन चुकवू नका.