रहमतचाचांचे तीन वेळचे थेंब

महाराष्ट्र झाला त्या सालच्या दिवाळीत यवतमाळच्या डॉक्टरांनी घाटंजीच्या रहमतचाचांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचं सांगितलं. चाचांची तयारी मोतीबिंदूची होती. मोत्याऐवजी काच निघाली हे ऐकून त्यांना जरा फसवल्यासारखंच वाटलं. डॉक्टरांनी पिलोकार्पिन नावाची करंगळीएवढी बाटली हातावर ठेवली. रोज तीन वेळा, प्रत्येक डोळ्यात एक थेंब.

"किती दिवस?" चाचांनी विचारलं.

"जन्मभर. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती सांभाळायची."

चाचांचं पोट नजरेवरच होतं. सदाशिवराव सेठच्या जिनिंगच्या कारखान्यात ते पंचवीस वर्षांपासून कापसाचे पारखी होते. गाडी आली की ते मधून दोन मुठी कापूस उपसत, अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहत, मग पत्र्याच्या सावलीत नेऊन त्याचा रंग बघत. उन्हात सगळाच कापूस पांढरा दिसतो, म्हणून पारख सावलीतच व्हायची असा या धंद्याचा रिवाज. मग चाचा एकच शब्द बोलत, "एक नंबर" किंवा "दोन नंबर". त्यावर सेठ घासाघीस करत नसे, गाडीवालाही करत नसे. घरी मात्र चाचांच्या शब्दाला एवढा मान नव्हता. तिथं पारख त्यांच्या बायकोची, सुग्राबीची चाले.

थेंब सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी भुवईच्या वर कोणी तरी खुंटी ठोकायला बसलं. सुग्राबी सकाळी चाचांना बाजेवर आडवं करी, पापणी वर ओढी आणि म्हणे, "आंख खोलो जी. मेरेकू देखने में इत्ता डर लगता क्या?" थेंब पडला की घटकाभरात खुंटी सुरू. डोळ्यांना पाण्याची धार लागे ती वेगळीच. सूर्य असा वागे, जणू त्याच्यावर कोणी गोणपाट टाकलंय. डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. सुग्राबी ती शेजारणींना बोलावून दाखवी.

पहिला खटका टोपीवरून उडाला. शुक्रवारी नमाजाला जाताना चाचा म्हणाले, "टोपी मैली है." सुग्राबीनं ती पुन्हा धुतली. पुढच्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या वेळी तिनं निळीत बुडवून, उन्हात वाळवून, टोपी त्यांच्या हातात आपटली. "बगुले से भी सफेद है. अब भी मैली दिखी तो कफन की दुकान से नई लाओ."

 चाचा ती मळकी टोपी घालूनच मशिदीत गेले.

जिनिंगमध्ये हंगाम भरात आला होता. त्या साली कापूस फार खराब आलाय, असं चाचांना वाटत होतं. पत्र्याखाली नेलं की प्रत्येक मूठ राखेत लोळल्यासारखी दिसे. "दोन नंबर," चाचा म्हणत. "दोन नंबर." गाड्यांमागून गाड्या. वरून डोळ्यांतून पाणी वाहतच असे, ते उपरण्यानं पुसावं लागे. गाडीवाल्यांत बोलणं सुरू झालं.

"आपल्या कापसाचा भाव पाडते अन् वरून रडते बी."

"रडनारच. दिलाचा लय नरम मानूस हाय."

सेठ मात्र खूश होता. त्यानं चाचांसाठी गादीजवळ लोड ठेवून घेतला.

मग एका सकाळी नागोराव आला. चिखलवर्ध्याकडचा नागोराव आणि चाचा जुने दोस्त होते. दरवर्षी पहिल्या वेचणीची गाडी तो इथंच आणी. गाडीत सीतादहीचा, म्हणजे शेतात दहीभाताची पूजा करून वेचलेला पहिला कापूस होता. चाचांनी दोन मुठी घेतल्या. धागा लांब होता, बोटांना चांगला लागला. सावलीत नेला, तर राखेचा रंग.

"दोन नंबर," चाचा म्हणाले, आणि डोळे पुसले.

नागोरावनं आधी हसून पाहिलं. "रहमतभाई, मस्करी करून राह्यले काय?"

"नाही बा."

"माह्या घरवालीनं, पंचफुलानं, सकाळचं दव वाळल्याबिगर बोंडाले हात लावला नाही. पाचोळा सापडला तं दाखवा. अन् तुम्ही दोन नंबर म्हन्ता?" त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "कवाधरून सेठचे झाले तुम्ही?"

त्यानं गाडीतला एक पुंजका चाचांच्या हातात कोंबला. "घरी न्या. उजेडात पाहा. भाभीले दाखवा." मग बैल फिरवले, आणि कापूस न विकताच गाडी बाहेर काढली.

चाचांनी पुंजका घरी नेला. खुंटीवर टोपी होती. त्यांनी कापूस टोपीला लावून धरला. दोन्हींचा रंग एकच. 

"सुग्रा, टोपी सचमुच सफेद है?"

"चार बार धोई. खुदा की कसम."

चाचा बाजेवर बसले. दिवाळीपासून किती गाड्या झाल्या होत्या, ते आठवायला लागले आणि मध्येच थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेठला सगळं सांगितलं. औषधानं बाहुली लहान झाली, उजेड आत जात नाही, सावलीत पांढरं काळवंडलेलं दिसतं. मी इतके दिवस चुकीचं बोललो. सेठनं शांतपणे ऐकून घेतलं, सुपारी कातरून झाली, मग म्हणाला, "चाचा, पंचवीस वर्सं तुमी जरा ढिले होते. आता कुठं तुमाले नीट दिसाले लागलं. औषध सोडू नका. बाटली माह्याकडून."

एखाद्या आजाऱ्याच्या औषधाची एवढी काळजी सेठनं याआधी कधी घेतली नव्हती.

त्या सकाळपासून चाचांनी थेंब बंद केले. अगदी बंद नव्हे, संध्याकाळी वजनाचा काटा उतरवल्यावर एकच वेळ घालत. सुग्राबी ओरडली, रडली, तिनं डॉक्टरांचं नाव घेऊन धमकावलं. चाचा म्हणाले, "होळीपर्यंत हंगाम. मग तीन काय, तेरा वेळा टाक."

चार दिवसांत भुवईवरची खुंटी गेली. कापूस पुन्हा पांढरा झाला. "एक नंबर," चाचा म्हणू लागले. गादीजवळचा लोड कधी नाहीसा झाला ते कळलं नाही. चाचांनी हमाल उकंडाच्या हाती नागोरावला निरोप धाडला, "दुसऱ्या वेचणीचा आण. या खेपेला नीट पाहतो." निरोपात आणखी काही घालायचं होतं, पण ते हमालाकडून धाडण्यासारखं नव्हतं.

नागोराव आला नाही. पौष गेला. संध्याकाळच्या कंदिलाभोवती चाचांना रंगीत कडं दिसू लागलं. डाव्या खांद्याला दाराची चौकट रोज लागायची. आधी त्यांनी चौकटीला शिव्या दिल्या, मग सुग्राबीला विचारलं की ती हलवली का. जिनिंगमध्ये मात्र समोरची मूठ लख्ख दिसे. पारख्याला तेवढं पुरतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

माघातल्या एका सकाळी गाड्या कमी होत्या. उकंडा पाठीवरचं गोणपाटाचं बोंदरं टाकून जवळ आला.

"चाचा, नागोराव येऊन गेला ना."

"कवा?"

"आत्ता. तुमच्या डाव्या अंगाले उभा होता, चिलीमभर वेळ. राम राम बी घातला, पन मशीन चालू होती. तुम्ही तिकडे पाह्यलंच नाही. म्हने, रहमतभाईनं वळख ठेवली नाही."

चाचांनी डावा हात बाजूला लांब केला आणि हळूहळू समोर आणू लागले. बोटं दिसेनात. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा कुठं ती एकेक करून उगवली.

"गाडी होती संगं?"

"होती. भरली होती. नाल्यापोतर गेली असन. पयत जाऊन सांगू काय, चाचाले त्या बाजूनं दिसत नाही म्हनून?" उकंडा मोठ्यानं बोलला. मशीन आता थांबली होती. गादीवर सेठचा अडकित्ता थांबला. काट्याजवळचे दोन गाडीवाले इकडे पाहू लागले.

ज्या पारख्याला दिसत नाही, त्याचा शब्द कोण घेईल?

"नको," चाचा म्हणाले.

"मंग काय सांगू त्याले?"

"काही नको सांगू."

उकंडा बोंदरं उचलून गेला. पुढची गाडी पत्र्याखाली आली. चाचांनी दोन मुठी उपसल्या, धागा ओढला, सावलीत धरला. पांढरा होता, चांगला स्वच्छ. गाडीवाला कोणत्या बाजूला उभा आहे ते त्यांना कळेना, म्हणून ते समोर पाहूनच बोलले, "एक नंबर."